आधी तळ बघा, मग रंग

(जुन्या गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात माझ्या 1976 च्या पद्मिनीचा फोटो छापून आला. खाली फक्त ‘घरच्या पडवीत उभी केलेली गाडी’ एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यावर पत्रं आली. संपादकांनी ती एका पिशवीत घालून पाठवली आणि फोनवर म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा.

आधी माझी ओळख. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात 31 वर्षं पत्राकाम केलं. लाल गाड्यांची अंगं बांधली, ठोकून सरळ केली, पुन्हा बांधली. इंजिनवाला मी नाही. इंजिनाबद्दल जे सांगेन ते चुका करून शिकलेलं आहे. पत्र्याबद्दल मात्र मला कोणी शिकवायला येऊ नये.

प्रश्न : काका, आजोबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी गावाकडे गोठ्याशेजारी 14 वर्षं उभी आहे. मी पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवार मोकळा असतो. दिवाळीच्या सुट्टीत सगळी खोलायची आणि पाडव्याला रंगवून बाहेर काढायची असा बेत आहे. व्हिडिओत बघितलंय, आधी पूर्ण सांगाडा करतात. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सातारा

पाडवा कुठला ते लिहिलं नाहीत. दिवाळीतला की गुढीचा? आणि कुठल्या सालचा?

थट्टा नाही करत. मी हेच केलं होतं. 2015 च्या मे महिन्यात गाडी आणली आणि तीन रविवारांत सगळी खोलली. दारं, काचा, सीटा, डॅशबोर्ड, मडगार्ड, बंपर. नटबोल्ट सगळे एका वनस्पती तुपाच्या डब्यात टाकले. आपण रोज बसच्या बस खोलणारे, ही तर काड्यापेटी, असा तोरा होता. पण वर्कशॉपात बस खोलली तर शेजारी स्टोअर असतं, ड्रॉइंग असतं, हाताखाली दोन पोरं असतात आणि भोंगा झाला की घरी जाता येतं. इथे मी घरीच होतो. डब्यातला कुठला बोल्ट बिजागरीचा आणि कुठला रेडिएटरचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. 14 महिने सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर बसून होता. मुलीच्या साखरपुड्याला मांडववाल्याने त्यावर कनात टाकली, तर व्याही विचारायला लागले, आत काय झाकलंय?

तेव्हा माझं ऐका. दिवाळीत एकही बोल्ट काढू नका. एक पेचकस, एक बॅटरी, एक लोहचुंबक आणि एक वही घेऊन जा. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक असतं, तेच चालेल.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. अंग हीच चेसिस. तळाचा पत्रा, दाराखालची सिल आणि छताचे खांब मिळून गाडी उभी असते. म्हणून रंग कितीही उडालेला असो, त्याच्याकडे बघू नका. आतली रबरी मॅट उचला, खालचा नमदा, म्हणजे जाड गादीसारखा थर, उचला. नमदा ओला राहतो, वरून कळत नाही, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्रा आतून कुजतो. पेचकसाचं टोक टेकवून अंगठ्याने दाबा. टण्ण आवाज आला तर ठीक. ‘कच्च’ झालं आणि टोक आत गेलं तर त्या जागेभोवती खडूने गोल करा. मग सिल. मग जॅक लावायची जागा, डिकीचा तळ, मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे अंगाला लटकतात ती जागा, दारांची खालची कड, हेडलाइटच्या मागची बोळ. शेवटी चुंबक. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जागी चुंबक चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. माझ्या डाव्या सिलमध्ये लांबीच्या खाली पोत्याचं फडकं निघालं. कुणीतरी भोकात बोळा कोंबून वरून लांबी थापली होती आणि रंग इतका सुरेख मारला होता की मी हात फिरवून वाहवा केली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे व्हिडिओत घाईत निघून जातं. सिल कापायच्या आधी दारं काढू नका. दारं लावलेली असू द्या आणि दार व खांब यांच्यामधली फट बघा. माझ्याकडे पाच रुपयांचं जुनं जाड नाणं आहे. ते फटीत उभं धरून वरून खालपर्यंत सरकवतो. सगळीकडे सारखं सरकलं म्हणजे अंग सरळ आहे. वर सैल आणि खाली अडलं तर गाडी मधून बसलीय. सिल कापली की ती आणखी बसते, आणि तुम्ही नवी सिल त्या बसलेल्या आकारात जोडून टाकता. मग रंग झाल्यावर दार लावायला जाता आणि दार लागत नाही. म्हणून आधी गाडी चारही बाजूंनी समतल टेकवा. दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून अंग बांधून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. नवा पत्रा 20 गेजचा घ्या. सीओटू वेल्डिंगने एक टाका इथे, एक टाका वीतभर पलीकडे, थांबा, मग मधला. सलग ओढत गेलात तर पत्रा तापून पापडासारखा उठतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, तिच्यात वाफ असते.

बाकी गाडी जोडलेलीच ठेवा. ब्रेकचं काम काढलंत तर फक्त ब्रेक खोला, ते पुरं करा, मग पुढचं. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, आणि खोलण्याआधी मोबाईलवर फोटो. गाडी चाकांवर उभी असेल तर तुमचा जीव तिच्यात राहतो. ठोकळ्यांवर गेली की सहा महिन्यांत अंगणातली अडगळ होते, आणि मग भंगारवाला विचारायला येतो. माझ्याकडे दोनदा आला होता.

प्रश्न : इंजिन जाम आहे. पुली पान्याने हलत नाही. मेकॅनिक म्हणतो नवीन (म्हणजे जुनं) इंजिन बसवू. – निवृत्त शिक्षक, कराड

सर, घाई करू नका. हे इंजिन 1089 सीसीचं, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. साधं, प्रामाणिक. बरीच वर्षं उभं राहिलं की पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाने चिकटतात, बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

चारही प्लग काढा. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगला घालतात ते तांबडं तेल अर्धं-अर्धं मिसळा आणि प्रत्येक भोकात तीन-चार चमचे सोडा. आठ दिवस विसरून जा. नवव्या दिवशी पुन्हा थोडं सोडा. मग पुलीच्या नटाला मोठा रिंग पाना लावून पुढे-मागे, पुढे-मागे, हलक्या हाताने. नळी घालून पाना लांब करू नका. दुसरी गाडी लावून ओढूनही सोडवू नका. कनेक्टिंग रॉड वाकला की मग मेकॅनिकचं म्हणणं खरं होईल. माझं इंजिन 19 व्या दिवशी सुटलं. सुटताना काही आवाज नाही, काही नाही. हाताला नुसतं कळलं, लोणी कापल्यासारखं. मी पाना सोडून पायरीवर जाऊन बसलो.

सुटल्यावर लगेच चावी मारू नका. ऑइल काढा, नवं घाला, प्लग न लावता स्टार्टरने फिरवा, जोवर ऑइलचा दिवा विझत नाही तोवर. वरचं झाकण काढून बघा की सगळे व्हॉल्व्ह वर-खाली होतात का. एखादा चिकटून राहिला तर पुशरॉड वाकतो. हेड उघडायची वेळ आलीच तर जपून. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, दोघांची इतक्या वर्षांत चांगलीच गट्टी जमलेली असते. पेचकस घालून उचकटलंत तर हेडला खाच पडेल आणि पाणी तिथूनच गळेल.

प्रश्न : आमचे हे गाडीचे गंजलेले सुटे भाग अंगणात टबात काकवीच्या पाण्यात भिजवतात. सगळ्या वाडीत वास, मुंग्यांची रांग थेट देवघरापर्यंत. हे खरंच शास्त्र आहे का वेड? – कोपरगाव

वहिनी, शास्त्र आहे. माफ करा, मला तुमची बाजू घ्यायची होती.

मळी किंवा काकवी गंज धरून ओढते आणि चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. ॲसिडने गंज जातो, पण खालचं लोखंडही खातं. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, दहा-पंधरा दिवस. मी गुऱ्हाळावरची करपलेली काकवी आणली होती, जी विकायला जात नाही ती. कारखान्यातली मळी कॅनने आणायला सांगू नका, त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. भाग बाहेर काढून पाण्याने धुतला की राखाडी, कोरा निघतो. हँडब्रेकच्या दांड्यावरची अक्षरं मला त्या टबातून काढल्यावर पहिल्यांदा वाचता आली. पण कोरं लोखंड तासाभरात पुन्हा लालसर पडतं, म्हणून धुतल्याबरोबर पुसून, उन्हात वाळवून, लगेच प्रायमर किंवा निदान ऑइलचा हात.

त्यांना दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. कार्बुरेटर, दाराच्या मुठी, जे जे ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या ओतकामाचं आहे ते टबात टाकायचं नाही, ते काकवी खाते. आणि टबाला झाकण. झाकण, वरून वीट, आणि टबाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. लाडवाच्या डब्याला आपण करतो तसंच.

प्रश्न : ब्रेक पहिल्यांदा दाबला की खाली जातो. दुसऱ्यांदा पंप केला की लागतो. असं चालवलं तर चालेल का? – नाशिक

नाही.

पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे शू ड्रमपासून लांब गेलेत, ते ॲडजस्ट करा. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर पाइपात हवा आहे. आणि पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं. तिन्ही वेगळे आजार आहेत, पण उभ्या गाडीला बहुधा तिन्ही एकदम असतात. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं एकच सर्किट. एक चाकाचा सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून रबरं नवी, होज नवे, आणि लोखंडी पाइपावर नखाने खरवडून गंजाची पापडी निघाली तर तोही नवा. सिलिंडरच्या आत बोट फिरवा. खड्डा लागला तर नुसतं रबर बदलून उपयोग नाही, स्लीव्ह मारून घ्या किंवा नवा बसवा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, म्हणजे डावं मागचं.

एक गोष्ट आम्हाला वर्कशॉपात फार उशिरा कळली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. मी अर्धं आयुष्य फुंकर मारत काढलं.

प्रश्न : आजोबा आयुष्यभर ‘आपली फियाट’ म्हणत आले. आरसी बुकावर प्रीमियर लिहिलंय. खरं काय? – सोलापूर

दोन्ही. आणि सोलापूरकराने हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटलं, कारण कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद तुमच्याच गावचे. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी, मग 1951 पासून इटलीच्या फियाटशी करार करून फियाट. पुढे 1964 ला 1100 डिलाइट आली. 1972 ला नाव झालं प्रीमियर प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. नाव बदललं तरी गाडी जवळजवळ तीच, म्हणून लोकांच्या तोंडातून फियाट गेलं नाही. पुण्यात नाना पेठेत दुकानात ‘पद्मिनीचा ऑइल सील’ मागितला तर दुकानदार आत ओरडून सांगतो, ‘फियाटचा सील दे रे’.

प्रश्न : वडील 2011 साली गेले. गाडी त्यांच्याच नावावर, आरसी बुक सापडत नाही, नोंदणीची मुदत तर केव्हाच संपली. आधी कागद करू का गाडी? – पुणे

कागद. गाडीला पाच पैसे लावायच्या आधी आरटीओत जाऊन त्या नंबरची नोंद शिल्लक आहे का ते बघा. नोंदच रद्द झाली असेल तर पुढे सगळंच अवघड होतं.

बुक हरवल्याची पोलिसांत तक्रार, मग दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म 26. मालक मयत असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. बहीण अमेरिकेत असेल तर तिची सही आत्ताच मागवून ठेवा, यात माझ्या शेजाऱ्याचे आठ महिने गेले. मग फॉर्म 25, नूतनीकरणाचा. त्यासाठी गाडी चालत आरटीओत न्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं, नंतर पाच-पाच वर्षांनी. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल. विमा, पीयूसी वेगळं.

पत्राकाम करणाऱ्याच्या नात्याने एक कानमंत्र. चेसिस नंबर जिथे ठोकलाय ती पट्टी कुणालाही घासू देऊ नका. पेंटर येतो, ग्राइंडर फिरवतो, दोन मिनिटांत आकडे गुळगुळीत. मग आरटीओतला साहेब कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि काहीच उमटत नाही. मी त्या जागेवर पहिल्या दिवशीच ग्रीस लावून वर चिकटपट्टी मारली होती.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेली असतील तर दुसरा रस्ता आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. त्यात व्हिंटेज म्हणून पहिल्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, ती 10 वर्षं चालते, नंतरचं 5,000. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला तिचा जुना नंबर राहतो, म्हणजे तुमची ती तीन अक्षरांची पाटी जात नाही. पण मग गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. आणि गाडी मूळ रूपात हवी.

प्रश्न : मूळ रूप कशाला? मला मेटॅलिक लाल रंग, अलॉय व्हील आणि स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली आणायचाय. गाडी माझी आहे. – डोंबिवली

गाडी तुमचीच आहे. करा. फक्त वरचं उत्तर पुन्हा एकदा वाचा.

आता माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण हे पान माझं आहे. स्टिअरिंगवरचा गिअर त्या गाडीत हौसेने ठेवलेला नव्हता. पुढे एकसंध सीट, मधे दांडा नाही, म्हणून पुढे तिघं बसायचे. आमच्याकडे जेजुरीला जाताना पुढे वडील, काका आणि मधे मी, गिअर टाकताना काकांचा हात दर वेळी माझ्या गुडघ्याला लागायचा. गिअर खाली आणलात की ती मधली जागा गेली. तुम्हाला गिअर सापडत नसेल तर बहुतेक वेळा दोष त्या दांड्याच्या जोडांतल्या घासलेल्या बुशांचा असतो. बुश स्वस्त आहेत. बदला आणि मग ठरवा.

मूळ रंग कुठला ते शोधायची मजा तरी घ्या. ग्लोव्ह बॉक्सच्या आत किंवा दाराच्या रबराखाली रुपयाएवढी जागा निवडा आणि एक हजार नंबरच्या वॉटर पेपरने गोल-गोल घासा. कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. माझ्या गाडीवर वर पांढरा, त्याखाली मरून, त्याखाली पुन्हा पांढरा, मग करडा प्रायमर, आणि तळाशी फिकट हिरवा. कच्च्या पेरूचा असतो तसा. सगळे म्हणाले हा कसला रंग. तोच दिला.

रंगाचं काम मी बाहेर दिलं होतं. आगाऊ घेऊन पेंटर तीन महिने गायब, आणि परत आला तेव्हा भर पावसाळ्यात मारला. पत्रा लिंबाच्या सालीसारखा खरखरीत. दोन हजाराच्या पेपरने मीच महिनाभर घासून काढला. तरी सांगतो, हार्डनर मिसळून मारायचा आजकालचा रंग घरी स्प्रे करू नका. त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही, छाती कायमची धरते. रंग बाहेरच द्या, फक्त दसऱ्यानंतर द्या.

प्रश्न : पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचं काय होणार? – नागपूर

रबर फुगणार आणि तडकणार. पेट्रोल पंपाचा डायाफ्राम आणि सगळ्या पेट्रोल नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, मागताना तसं सांगून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकी लोखंडी, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बुरेटरचा बाऊलही. माझ्या कार्बुरेटरमध्ये एका पावसाळ्यात मिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि तो थेट कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो, म्हणून मधे एक पारदर्शक फिल्टर टाका. पहिले दोन महिने तो दर आठवड्याला काळा होईल. घाबरू नका. गाडी पिकअपला धक्के देत असेल तर एक नंबर मोठा जेट लावून बघा.

प्रश्न : एकूण खर्च किती आला? खरा आकडा सांगा. – बऱ्याच जणांनी विचारलं आहे

वहीत 2,14,000 लिहिलंय, साडेचार वर्षांत. त्यात माझी मजुरी नाही. गाडी 22,000 ला आणली होती. सगळ्यात जास्त गेले रंगाला, मग इंजिनच्या बोअर-पिस्टन-क्रँकला, आणि तिसरा नंबर, विश्वास बसणार नाही, रबर बीडिंग आणि क्रोमचा. पत्रा जवळजवळ फुकट, कारण तो मी केला. ज्याला शिलाई येते त्याचं सीटचं वाचेल. ज्याला काहीच येत नाही त्याने माझ्या आकड्याला दोनाने गुणावं.

सुटे भाग अजून मिळतात. नाना पेठ, आपला पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला. पण 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनीची टॅक्सी राहिली नाही, शेवटच्या गाडीची 20 वर्षांची मुदत संपली. तोपर्यंत टॅक्सीवाल्यांमुळे दुकानदार माल ठेवत होते. आता जुना माल संपला की नवा येईलच असं नाही. किंगपिनचा सेट, वॉटर पंप, पेट्रोल पंप आणि व्हील सिलिंडर, एवढं आत्ता घेऊन तेलकट कागदात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : पुढच्या दाराच्या डाव्या तिकोनी काचेची खिटी कुठे मिळेल? चार महिने शोधतोय. – चिपळूण

माझ्याकडे आहे. जुन्या बाजारात एकाच पोत्यात तीन सापडल्या होत्या, दोन डाव्या, एक उजवी. एक डावी माझ्या गाडीला लागली. दुसरीची स्प्रिंग थोडी सैल आहे, पण पक्कडीने एक वेढा आवळलात की बसेल. मासिकाच्या कार्यालयाकडे पत्ता कळवा, टपालाने पाठवतो. पैसे नकोत. तुमच्याकडे मागच्या नंबरप्लेटवरच्या दिव्याची काच जास्तीची असेल तर ती पाठवा. माझीला तडा आहे आणि मी तिथे तात्पुरती औषधाच्या बाटलीची काच कापून लावली आहे. फोटोत ती दिसली नाही, एवढं बरं झालं.